ट्रॅक्टरची शेकशेगडी

तेजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला, त्या साली पौषातली ही गोष्ट. वलवण धरणाच्या मागच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथं दत्तोबाचं घर. तेजल त्याची एकुलती लेक, खोपोलीला दिलेली. नातू झाला म्हणून दत्तोबानं घरोघर पेढे वाटले. पण पेढा घेणाऱ्याला एक गोष्टही ऐकून घ्यावी लागली. गोष्ट नातवाची नव्हती, ट्रॅक्टरची होती!

"अख्ख्या मावळात," दत्तोबा सांगायचा, "डिझेल इंजिन नीट तापवता येणारा माणूस एकच. आन त्यो तुमच्याम्होरं हुबा हाय!"

अख्ख्या मावळाची खात्री करून कुणी आलेलं नव्हतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण पेढा तोंडात होता.

आता ते तापवणं कसं, तेही ऐका. उजाडलं की दत्तोबा अंगणात यायचा. दव आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला असायचा, तो काढायचा. पाणी बघायचा. ऑइलची काठी उपसून, पुसून, परत बुडवून बघायचा, वैद्यानं नाडी बघावी तशी. गिअर न्यूट्रलला आहे ना, हे हलवून बघायचा. मग किल्ली. ट्रॅक्टर खोकायचा, खाकरायचा, काळ्या धुराची एक गुळणी टाकायचा आणि डुगडुगायला लागायचा. दुसरी माणसं इथंच चुकतात, असं दत्तोबाचं म्हणणं. इंजिन लागलं रे लागलं की रेस देतात, गिअर टाकतात आणि पळतात.

"आरं, म्हातारा झोपंतनं उठला की त्याला लगीच पळाया लावता का? रातभर ऑइल खाली बसल्यालं असतं. ते वर चढू दे. सांध्यासांध्यात जाऊ दे. तवर मंद ठिवायचं. लय मंद बी न्हाई. चुलीवरल्या भातावाणी! झाकाण नुसतं थडथडलं पायजे, उडाया नगं!"

संध्याकाळीही तेच. शेतातून आल्या आल्या किल्ली फिरवायची नाही. काम संपलं तरी थोडा वेळ डुगडुगू द्यायचं. "दमून आलेल्या माणसाला दारातच आडवा करता व्हय?" असा त्यावर दत्तोबाचा सवाल.

सकाळी ट्रॅक्टर तापेपर्यंत भामाबाई, म्हणजे दत्तोबाची बायको, चहा घेऊन बाहेर यायची. दोघं जोत्यावर बसायची. इंजिनाच्या धक्क्यानं जोतं हलायचं आणि बशीतल्या चहावर बारीक बारीक लाटा उठायच्या. पांढुरका धूर विरळ झाला, आवाजातली खरखर गेली की दत्तोबा उठायचा. तोवर काय वाटेल ते होवो, तो जागचा हलायचा नाही.

"माज्यासंगं लगीन झालं तवा मला येवढा वेळ दिला न्हाई," भामाबाई म्हणायची. "हळद उतरायच्या आत भात लावाया हुबी केली!"

"तू काय डिझेलवर चालतीस व्हय?"

"न्हाई. म्हणून तर अजून बिघडले न्हाई!"

शेजारी एक बंगला होता. मालक मुंबईचा. शनिवार-रविवारी तिथं भाड्यानं पाहुणे यायचे. त्या बंगल्याची राखण करायचा हनुमंत, तोही वस्तीतलाच. तो कधीमधी कुंपणाजवळ येऊन कुरकुरायचा.

"दत्तोबा, पाव्हणे म्हणत्यात, आमी हितं पाखरांचा आवाज ऐकाया आलो हुतो."

"मग पाखरांना सांग, जरा मोठ्यांदी वरडा!"

आणि नव्या नातवाची तर तऱ्हाच वेगळी! त्याला अंगाई चालायची नाही. तो जन्मल्यापासून रोज सकाळी डुगडुग ऐकतच झोपी गेलेला. इंजिन चालू झालं की डोळे मिटायचे. बंद झालं की ओठ बाहेर आलाच म्हणून समजा.

असं सगळं असताना दत्तोबानं ट्रॅक्टर विकायला काढला होता!

त्याचं कारण आषाढात घडलं होतं. भाताची चिखलणी चालली होती. उतारावरच्या खाचरात ट्रॅक्टर रुतला. दत्तोबानं जोर दिला, तर मागची चाकं जागची हलेनात आणि पुढची मात्र उचलली गेली. ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहिला! भामाबाई भाकरी घेऊन बांधावर आली होती. तिच्या हातातलं फडकं चिखलात पडलं. दत्तोबानं क्लच दाबला, तसं पुढचं तोंड धपकन खाली आलं. तो चिखलानं माखलेला, दात तेवढे पांढरे.

"बघितलीस का सर्कस?" तो ओरडला.

भामाबाई हसली नाही. त्या दिवसापासून तो ट्रॅक्टरवर बसला की ती बांधावर जाऊन उभी राहायची. घरात काम पडलेलं असो, पाऊस असो, उभी. दसरा उलटल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "मला आता सर्कस बघायची न्हाई. संक्रांतीला ह्यो ट्रॅक्टर अंगणात नगं."

दत्तोबाजवळ उत्तरं पुष्कळ होती. पण त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. बशीतला चहा हलत होता. आणि इंजिन तर बंद होतं!

"बरं," तो म्हणाला. "शबूद दिला."

तर संक्रांत तोंडावर आली तेव्हा गिऱ्हाईक मिळालं. धरणाच्या अलीकडच्या वाडीतला गोरख. पोरगा कष्टाळू, पण बारीकसारीक गोष्टीलाही आईला विचारणारा. आई म्हणजे भागुबाई. ती ट्रॅक्टर बघायला आली ती मुलगी बघायला यावं तशी. इरकली लुगडं, कपाळभर कुंकू आणि चेहऱ्यावर 'बघू, बघू' असा भाव.

दत्तोबानं सगळी तयारी ठेवली होती. ट्रॅक्टर धुतलेला, पुढं झेंडूचं फूल खोवलेलं आणि इंजिन सकाळपासून तापवून असं मऊ डुगडुगत ठेवलेलं, की मांजर मांडीवर घुरघुरावं.

"बसा गोरखराव! थंड इंजिनावर पाव्हणा बसवनारा मी न्हवं!"

गोरख चढून बसणार, तेवढ्यात भागुबाई पुढं झाली. तिनं बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन काढला.

"गोऱ्या, उतर खाली. हे गरम हाय."

"व्हय तर!" दत्तोबा फुलून म्हणाला. "झकास तापवलंय!"

"तेच म्हणते मी. का तापवलंय?"

दत्तोबाला प्रश्नच कळला नाही. सूर्याला कुणी विचारावं, का उगवलास!

भागुबाई म्हणाली, "माज्या सासऱ्यांनी बाजारात बैल घेतला हुता. असा नाचत हुता, बघत ऱ्हावं! घरी आनला आन खाली बसला त्यो उठंच ना. इकनाऱ्यानं गूळ आन दारू पाजून हुबा केला हुता. तवापसनं आमच्यात रीत हाय. जनावर उपाशी बघायचं आन इंजिन थंड बघायचं!"

"माजा ट्रॅक्टर दारू पितो म्हंता?"

"मी कुटं तसं म्हणलं? उद्या येतो आमी सकाळी. तवर हात लावायचा न्हाई. थंड असताना एका दमात लागला, तर बोलू."

जाता जाता ती गोरखला पुटपुटली, "आन घेतला तर ठिवनार कुटं? दोन्हीकडं बंगल्यांच्या भिंती आल्यात. आपल्या बोळात म्हस आडवी हुत न्हाई."

"बघू गं आये म्होरचं म्होरं," गोरख म्हणाला.

त्या संध्याकाळी दत्तोबा जेवलाच नाही म्हणा ना. आयुष्यभर जी गोष्ट नीट केली, तीच लबाडी ठरली! शेवटी त्यानं किल्ली काढून भामाबाईच्या हातात ठेवली.

"ही तुज्या कनवटीला ठिव. सकाळी मी मागितली तरी देऊ नगं. पाया पडलो तरी देऊ नगं!"

सकाळी थंडी अशी पडली होती की धरणावरून धुकं उठून थेट अंगणात येऊन बसलं होतं. दत्तोबा सवयीनं ट्रॅक्टरपाशी गेला, परत फिरला, परत गेला, परत फिरला. भामाबाई चहा घेऊन आली. दोघं जोत्यावर बसली. जोतं हलेना. चहावर लाट उठेना. आत नातवानं मात्र आभाळ फाडायला सुरुवात केली होती.

"बिचारं गारठलंय गं," दत्तोबा ट्रॅक्टरकडं बघत म्हणाला. "एका दमात लागलं न्हाई, तर ती बाई सगळीकडं सांगंल, दत्तोबा भंगार गळ्यात मारत हुता म्हणून."

एवढं बोलून तो किटली घेऊन उठला. "मी दूध आनतो. हितं बसलो तर माजा हात ऱ्हायचा न्हाई."

दूध घेऊन येताना वळणावरच गोरख आणि भागुबाई भेटली. चढाला मोटारसायकलवरून पडू, या भीतीनं भागुबाई खाली उतरून चालत होती आणि गोरख गाडी ढकलत होता. दत्तोबाला जोर चढला.

"चला, चला! बर्फ हाय बर्फ! हात लावाल तर बोट चिकटंल! काल सांजच्यापासनं किल्लीला मी हात लावलेला न्हाई. ह्या दुधाची शपथ!"

"दुधाची नगा घालू," भागुबाई म्हणाली. "नासंल."

आणि वस्तीत शिरता शिरता धुक्यातून आवाज आला.

डुग डुग डुग डुग.

दत्तोबाच्या हातातली किटली कलली. हजार ट्रॅक्टर एका रांगेत उभे केले तरी हा आवाज त्यानं ओळखला असता. तो त्याचाच होता! भागुबाई कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली.

"बर्फ का?" ती म्हणाली.

"आवो, पर... किल्ली... भामी... तिला तर सायकल बी येत न्हाई!"

दत्तोबा धावतच अंगणात शिरला आणि जागच्या जागी थिजला. ट्रॅक्टर होता. पण तो ट्रॅक्टर म्हणून ओळखू येत नव्हता! बॉनेटवर दुहेरी गोधडी गळ्यापर्यंत पांघरलेली. सायलेन्सरवर डबा तसाच, आणि डब्याखाली, कान झाकावेत तसं, तेजलचं फडकं घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. खाली, बरोबर इंजिनाच्या पोटाखाली, शेगडी. शेगडीत लाल निखारे. आणि अंगणभर ओव्याच्या धुरीचा वास!

मागून भागुबाई आली. तिनं तो सगळा थाट वरपासून खालपर्यंत बघितला. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "काय झालं? मुलगा का मुलगी?"

भामाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "मी किल्लीला हात लावला न्हाई हां! ह्येंचं नाव खराब हूं नये म्हणून नुसता शेक दिला. थंडीनं आखडल्यालं हुतं. तेजलला महिनाभर दिला, कशी टुणटुणीत झाली बघा की!"

"आन ओवा?" दत्तोबा ओरडला. "ओवा कशाला टाकलास?"

भामाबाई गोंधळली. "निखारे बघितले की हात आपुआपच ओव्याच्या डब्याकडं जातो. सवय झाली."

"मग डुगडुग कशाची चाललीय?"

तेजल मुलाला खांद्यावर घेऊन दारात आली. तिच्या हातात मोबाइल. डुगडुग त्यातून येत होती!

"बाबा, हा झोपतच नव्हता. मागच्या आठवड्यात मी तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज भरून ठेवला होता. तो लावला, तेव्हा कुठं डोळे मिटले त्यानं. हळू बोला!"

गोरख हसायला लागला. भागुबाईच्या ओठाचा कोपराही हलल्यासारखा वाटला. इथवर निभावलं असतं. पण गोधडीचं एक टोक बॉनेटवरून घसरत घसरत शेगडीपर्यंत पोचलं होतं. जुनी लुगडी थरावर थर घालून शिवलेली गोधडी ती! ती भडकत नाही, धुमसते. बघता बघता चाकांमधून धुराचा लोळ निघाला.

"गोधडी पेटली!" भागुबाई किंचाळली.

बंगल्याच्या गच्चीवर पाहुणे चहा घेत होते. त्यांतला एकजण ओरडला, "आग! आग! ट्रॅक्टरला आग!" आणि आग विझवायला धावण्याऐवजी त्यानं मोबाइल वर धरला.

पण हनुमंत धावला. शनिवारची सकाळ, बंगल्यात पाण्याचा टँकर नुकताच येऊन उभा होता. हनुमंतानं टँकरचा पाइप ओढला, कुंपणावरून टाकला आणि ओरडला, "सोडा पानी!" टँकरवाल्यानं पंप सोडला. पाइपात एकदम जोर आला आणि तो हनुमंताच्या हातात नागासारखा उसळला. पहिला फवारा बसला भागुबाईला! इरकली लुगडं, कुंकू, सगळं एका दमात वाहून गेलं. दुसरा बसला दुधाच्या किटलीला. तिसरा गोरखच्या मोटारसायकलला.

"आग हिकडं हाय रं!" दत्तोबा ओरडला.

चौथा फवारा ट्रॅक्टरवर आला. आता दत्तोबा दुसऱ्याच कारणानं किंचाळला, "बॅटरी! बॅटरीवर नगं!" आणि हात पसरून बॅटरीच्या पुढं उभा राहिला. शेगडी चुर्रर्र करून विझली. गोधडी विझली. दत्तोबाची टोपी वाहत वाहत परसाकडं गेली. धुकं, धूर आणि वाफ यात कोण कुठं आहे ते कुणाला दिसेना. दिसेनासं झालं तेव्हा हनुमंतानं पाइप खाली केला आणि म्हणाला, "दत्तोबा, बंगल्याची टाकी रिकामीच ऱ्हायली. पाव्हण्यांच्या आंघोळीचं काय सांगू?"

"सांग, ट्रॅक्टरनं केली!"

भागुबाईनं तोंडावरचं पाणी निपटलं. दत्तोबाला वाटलं, आता ही काय बोलते आणि काय नाही! ती सरळ ट्रॅक्टरपाशी गेली. गोधडी बाजूला सारली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. मग दुसऱ्या बाजूला ठेवला. मग खाली वाकून पोटाला लावून बघितला.

"आता खरं थंड हाय," ती म्हणाली. "लावा किल्ली."

सगळ्यांनी भामाबाईकडं बघितलं. तिनं कनवटीला हात घातला, पण किल्ली लवकर निघेना. निघाली तर तिच्या मुठीतून सुटेना. "सकाळी पाया पडलो तरी देऊ नगं म्हणला हुता," ती म्हणाली.

"ते सकाळचं झालं. दे."

तिनं किल्ली दिली. मग सायलेन्सरचं ओलं फडकं सोडून घेतलं आणि पिळत बाजूला उभी राहिली.

दत्तोबा सीटवर चढला. न्यूट्रल बघितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. ट्रॅक्टर घुरघुरला. थांबला. दत्तोबाचा श्वासही थांबला. भागुबाईनं एक भुवई वर केली. आणि ट्रॅक्टर एकदा खोकला, खाकरला, आणि ठो!

डबा! काढायचा राहिलेला पत्र्याचा डबा सायलेन्सरवरून उडाला तो बंगल्याच्या गच्चीच्याही वर गेला. सगळ्यांच्या माना वर. डबा वर टांगल्यासारखा थांबला, मग खाली आला आणि टँकरच्या टपावर असा वाजला की गच्चीवरचे पाहुणे खाली बसले.

आणि त्याच्याखाली, संथ, मऊ, डुग डुग डुग डुग.

एका दमात लागला होता!

"वा रे पठ्ठ्या!" म्हणत गोरखनं पुढं होऊन रेसला हात घातला. चटकन दत्तोबाची एक चापट बसली.

"उठू तर दे त्याला! अंगावर पानी पडलंय, कपडे तर वाळू दे!"

मग सगळेच थांबले. दुसरं करणार काय? जोत्यावर ओळीनं बसले, तेही ओले, ट्रॅक्टरही ओला. तेजलनं कोरा चहा करून आणला, कारण दूध आधीच अंगणाला पाजलं होतं. बशीतल्या चहावर लाटा उठायला लागल्या. भागुबाईनं त्या बघितल्या. तिनं धूर बघितला, तो विरळ होताना बघितला, आवाजातली खरखर जाताना ऐकली. तिच्या वाडीत कुणी इतका वेळ एका इंजिनापाशी बसलं नव्हतं.

"घेतला," ती म्हणाली.

दत्तोबाची छाती फुगली. त्यानं वळून भामाबाईकडं बघितलं, तर ती तिथं नव्हती.

ती आत ओट्यापाशी उभी होती. हातात पिळलेलं फडकं होतं, ते ती परत परत पिळत होती. पाणी केव्हाच संपलं होतं.

"अगं, इकला!" दत्तोबा म्हणाला. "तुला दिलेला शबूद पाळला. आता बांधावर हुबं ऱ्हायाला नगं."

"व्हय," ती म्हणाली.

"मग?"

तिनं फडक्याला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाली, "सकाळी तेवढंच बसता माज्यापाशी. ते तापस्तवर. येरवी कवा बसलाय? तांब्याभर पानी प्यालात की निघालाच. ते गेलं की चहा बी उभ्यानं पिऊन जाल."

दत्तोबाला वाटत होतं, इतकी वर्षं आपण इंजिन तापवत होतो.

"मग कसं करू?" तो म्हणाला. "हाय म्हणलं तर भितीस. न्हाई म्हणलं तर रडतीस."

"मी रडत न्हाई. ओव्याचा धूर गेलाय डोळ्यात."

दारातून कुणीतरी खाकरलं. भागुबाई होती. कोरडं लुगडं मागायला आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं नाही असं दाखवण्याची तिची रीत नव्हती.

"भामाबाई, पयलं मला लुगडं द्या, गारठले मी. आन ऐका. ट्रॅक्टर घेतला खरा, पर आमच्या बोळात म्हस आडवी हुत न्हाई. आमी त्यो ठिवायचा कुटं? हितंच ऱ्हाऊ दे तुमच्या अंगणात. गोऱ्या रोज सकाळी यील. तापवायचा दत्तोबाभाऊंनी, चालवायचा गोऱ्यानं. तुमची खाचरं बी त्योच चिखलंल."

भामाबाईनं फडकं पिळायचं थांबवलं. "ह्येंनी खाचरात न्ह्यायचा न्हाई?"

"न्हाई."

"लायनीत उभा करायला म्हणून जरासा म्होरं-मागं?" भामाबाईनं खोदून विचारलं.

"तसा बी न्हाई. न्यूट्रलपतुर त्येंचं. गिअरपासनं गोऱ्याचं."

दत्तोबानं तोंड उघडलं. पण दोघी बायका त्याच्याकडं अशा बघत होत्या की त्यानं ते तसंच मिटलं. मग म्हणाला, "आन सांजच्याला बंद करायचं कुनी?"

"तुमीच," भागुबाई म्हणाली. "आमच्या गोऱ्याला तेवढा दम न्हाई."

संक्रांतीला भामाबाईनं ट्रॅक्टरच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि गोरखच्या हातावर तिळगूळ ठेवून त्याला बजावलं, "गोड बोल, आन हळू चालव." चिखलणी आली तेव्हा ती बांधावर गेली, पण भाकरी ठेवून परत आली. उभी राहिली नाही.

तेजल बाळाला घेऊन खोपोलीला गेली. जाताना डुगडुग मोबाइलमधून घेऊन गेली. तिथं तो रोज सकाळी त्याच आवाजावर झोपतो. शेजाऱ्यांना वाटतं, जावयानं ट्रॅक्टर घेतलाय, पण दाखवत नाही.

दत्तोबा आता पेढा न देताही सांगतो, "डिझेल इंजिन नीट तापवता येणारी मानसं मावळात दोनच. एक मी. दुसरा गोरख, पर त्यो अजून शिकतोय."

चहा हल्ली दत्तोबाच करतो. साखर कधी विसरते, कधी दोनदा पडते. इंजिन तापून तयार होतं तरी चहाला उकळी आलेली नसते. मग ट्रॅक्टरच त्याची वाट बघत डुगडुगत उभा राहतो.

"आबा, तापलं की! डिझेल जळतंय!" गोरख ओरडतो.

"ऱ्हाऊ दे रं जरा," दत्तोबा म्हणतो, आणि जोत्यावर तीन बश्या मांडतो. मग एक उचलून आत नेऊन ठेवतो. सवय आहे, दुसरं काही नाही.

भामाबाई त्या चिखलणीनंतरच्या कार्तिकात, भातकापणी उरकल्यावर, सकाळच्या वेळी वारली. ट्रॅक्टर तेव्हा अंगणात तापत होता, आणि दत्तोबानं तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाला बंद करू दिला नाही.